तिळीची रात्र: क्रेटमधल्या झोपेच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आज दुपारी तिळी, हे कुत्र्याचे पिल्लू, घरी आली. नाशिकमध्ये आमच्या सोसायटीच्या मागे एका इमारतीचे बांधकाम चालू आहे. तेथील पत्र्याच्या शेडखाली ती तिच्या दोन भावंडांसह वाढत होती. त्यांची आई महिन्यापूर्वी गाडीखाली गेली आणि तेव्हापासून तेथील कामगारांच्या बायका या पिल्लांना दूध-भाकरी घालत होत्या. दोन्ही भावंडांना गेल्या आठवड्यात घरे मिळाली. म्हणजे जन्मापासून एकमेकांच्या अंगावर डोके ठेवून झोपणाऱ्या या पिल्लाने गेले काही दिवस एकटीने काढले आहेत. दुधाच्या दातांवरून डॉक्टरांनी वय साधारण नऊ आठवडे सांगितले. वजन ३.१ किलो भरले. गुळाच्या ढेपेसारखा रंग आणि नाकाभोवती तिळासारखे काळे ठिपके आहेत, म्हणून सासूबाईंनी तिला तिळी हे नाव दिले. संक्रांत दहा दिवसांवर असल्याने ते सर्वांनाच पटले.

या वहीत फक्त रात्रीच्या झोपेच्या नोंदी ठेवायच्या आहेत. क्रेटचे, म्हणजे तिला झोपवायच्या पिंजऱ्याचे, दार किती वाजता लावले, रडणे केव्हा सुरू झाले व किती मिनिटे चालले, शू-शीसाठी किती वेळा उठावे लागले आणि पहाटे जाग केव्हा आली, एवढे रोज लिहायचे. अंदाजाने लिहायचे नाही, मोबाइलवरची वेळ पाहूनच लिहायचे, असे मी आणि माझ्या सातवीतल्या लेकीने ठरवले आहे.

क्रेट लोखंडी तारांचा असून ३६ इंच लांबीचा आहे. ही लांबी तिच्या पूर्ण वाढीच्या हिशेबाने घेतली. आज एवढी जागा दिली तर एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात घाण करण्याची तिला सवय लागेल, म्हणून मधली सरकती जाळी लावून जागा निम्मी केली. तिला उभे राहता यावे, गोल फिरता यावे आणि पाय ताणून कुशीवर पडता यावे, एवढीच जागा सध्या हवी. गळ्यातला पट्टा क्रेटमध्ये काढून ठेवायचा, कारण तारेत अडकला तर गळफास बसू शकतो.

क्रेट हॉलमध्ये ठेवला आहे. बेडरूममध्ये कुत्रा नको, असे आमचे चौघांचे आधीच ठरले होते.

रविवार, ५ जानेवारी

रात्री १०:५० ला दार लावले. १०:५४ ला कुंईकुंई सुरू झाली आणि दहा मिनिटांत तिचे रूपांतर केकाटण्यात झाले. १२:२० ला ती थकून गप्प झाली. पुन्हा २:४० ते ३:२५ रडली. ३:३० ला दिवा लावून पाहिले तर क्रेटमध्ये शी झालेली होती, त्यातच तिचे पाय भरले होते आणि ती जाळीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. कोमट पाण्याने तिला पुसले, खालचे कापड बदलले. त्यानंतर ५:१० पर्यंत ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी सोफ्यावर बसून राहिले.

सकाळी खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. ते नेहमीच्या सौम्य सुरात म्हणाले, "वहिनी, पिल्लू आणलंत का? काकूला झोपेची गोळी घ्यावी लागते हो, तेवढं बघा." त्यांचे म्हणणे योग्य आहे. मी त्यांच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि त्यांनी ती दिली.

सोमवार, ६ जानेवारी

ज्यांच्या घरी दोन मोठे कुत्रे आहेत, अशा एका परिचितांनी काल फोनवर सल्ला दिला की जवळ जायचेच नाही, आवाज द्यायचा नाही, दोन रात्री रडू दिले की तिसऱ्या रात्री पिल्लू आपोआप गप्प होते. तो सल्ला आम्ही पाळला. मला त्याची खंत आहे आणि ती येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

रडणे १०:४५ ते १:०५. पुन्हा १:५० ते ३:००. मधल्या वेळात तारा चावण्याचा आवाज येत होता. सकाळी पाहिले तर वरच्या पुढच्या दातांजवळ हिरडीतून रक्त आले होते आणि क्रेटच्या दाराची एक तार लाळेने चिकट झाली होती. पिल्लू घामाने भिजत नाही, परंतु तिच्या पंजांचे ठसे क्रेटच्या तळाच्या ट्रेवर ओले उमटलेले होते. घाबरलेल्या कुत्र्याच्या पंजांना घाम सुटतो, हे मी आजवर ऐकून होते, आज ते डोळ्यांनी पाहिले. दिवसभर ती क्रेटच्या जवळूनही गेली नाही.

दुपारी डॉक्टरांकडे हिरडी दाखवली. जखम किरकोळ आहे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "ती गप्प व्हायला हवी आहे, की तिला झोप लागायला हवी आहे?" रडून गप्प झालेले पिल्लू निवांत झालेले असतेच असे नाही, त्याची ताकद संपलेली असू शकते, असे त्यांनी सांगितले.

संध्याकाळी या विषयावर वाचले. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू आपले सोबती कोण हे ठरवत असते आणि या काळात अनोळखी जागी एकटे ठेवल्यास ते सर्वांत जास्त रडते, असे त्या कामातून पुढे आले. स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पुढचा एक प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. एकट्या पडलेल्या पिल्लाचे रडणे कशाने कमी होते, हे त्यात तपासले होते. अन्न ठेवल्याने फरक पडला नाही, मऊ खेळण्याने थोडा पडला आणि माणसाच्या सोबतीने सर्वाधिक पडला. तिळीच्या क्रेटमध्ये आम्ही काल बिस्किटे ठेवली होती आणि सकाळी ती जशीच्या तशी होती. त्या बिस्किटांचा अर्थ मला आज लागला.

मंगळवार, ७ जानेवारी

क्रेट बेडरूममध्ये माझ्या बाजूला आणला. आधी ठरवलेला नियम मोडला आणि त्याला सासूबाईंनीच प्रथम संमती दिली. "अगं, तान्ह्या लेकराला कोणी हॉलमध्ये निजवतं का?" असे म्हणून त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली लहान गोधडी काढून दिली. ती गोधडी दिवसभर माझ्या मांडीवर घेऊन बसले, म्हणजे तिला घरातल्या माणसांचा वास लागेल.

क्रेट जमिनीवर ठेवला तर तिला पलंगाची फक्त कड दिसते, म्हणून तो एकावर एक रचलेल्या दोन भक्कम चौरंगांवर ठेवून पलंगाच्या उंचीला आणला आणि हलू नये म्हणून दोरीने बांधला. आता कुशीवर वळले की तिचे नाक माझ्या हातापासून वीतभर अंतरावर येते.

दार लावले १०:४०. रडणे ११ मिनिटे. मी काही बोलले नाही, फक्त दोन बोटे तारांतून आत ठेवली. तिने ती आधी चाटली, मग चावून पाहिली, मग त्यांवर हनुवटी टेकली. १:३५ ला उठली, बाल्कनीत नेले, शू झाली, परत ठेवल्यावर रडणे ४ मिनिटे. ४:२० ला पुन्हा तसेच. पहाटेची जाग ६:०५ ला.

गुरुवार, ९ जानेवारी

रात्रीची झोप दिवसा कमवावी लागते, हे या दोन दिवसांत कळले. सोमवारच्या रात्रीनंतर तिच्या लेखी क्रेट ही वाईट जागा झाली आहे आणि ते पुसून काढायला रात्रीची वेळ उपयोगाची नाही.

दिवसाची तिन्ही जेवणे आता क्रेटमध्ये होतात आणि दार उघडे असते. पहिल्यांदा वाटी दाराच्या उंबऱ्यावर, मग हातभर आत, मग पार मागे. काल संध्याकाळपासून ती चारही पाय आत घालून जेवते. त्यानंतर दार नुसते लोटायचे आणि लगेच उघडायचे. मग पाच सेकंद, मग दहा. ती अस्वस्थ होण्याच्या आधी दार उघडायचे, अस्वस्थ झाल्यावर नव्हे. लेकीने यासाठी उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे करून डबीत ठेवले आहेत.

एका अडचणीचे कारण सापडायला मात्र दीड दिवस लागला. दार लोटेपर्यंत ती शांत असे आणि कडी लावली की अंग आक्रसून मागे जाई. मी समजत होते की तिला कोंडल्याची भीती वाटते. लेकीने जमिनीवर आडवे पडून तिचे कान पाहिले आणि सांगितले की कान कडीच्या आवाजाला मागे जातात, दाराला नव्हे. लोखंडी कडी खोबणीत बसताना खट्कन वाजते आणि तो आवाज क्रेटच्या सगळ्या तारांतून फिरतो. त्या दोन रात्रींत हाच आवाज ऐकल्यावर आम्ही दिवा मालवून निघून गेलो होतो. कडीला सुती चिंधी गुंडाळून वरून दोरा बांधला. आता ती मुकी बसते. त्याशिवाय कडी नुसती वर-खाली करायची आणि प्रत्येक वेळी चिकनचा तुकडा द्यायचा, असे दिवसातून वीस वेळा केले. आज रात्री कडी लावली तेव्हा तिने मागे जाण्याऐवजी माझ्या हाताकडे पाहिले.

शनिवार, ११ जानेवारी

शू-शीच्या वेळांविषयी. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा आणि तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. तिळीच्या बाबतीत तो तीन तास येतो. झोपेत मूत्र कमी तयार होते म्हणून रात्री थोडे अधिक जमते. तेव्हा १०:४० ला झोपवून सहा वाजेपर्यंत शांततेची अपेक्षा करणे म्हणजे तिच्या शरीराला न झेपणारे काम सांगणे आहे.

तिला खाली मातीत नेता येत नाही. लसीचा पहिला डोस ३० डिसेंबरला झाला आहे आणि सगळे डोस पूर्ण होईपर्यंत, रस्त्यावरचे कुत्रे फिरतात त्या जमिनीवर पाय टेकवू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून रोपवाटिकेतून हिरवळीचा तुकडा आणून बाल्कनीत जुन्या ट्रेमध्ये ठेवला आहे आणि तीच तिची जागा. घरात चुकून झालेली शू फिनाइलने पुसणे आम्ही बंद केले. फिनाइल तिच्या अंगाला बाधू शकते आणि त्याने शूचा वास झाकला जातो, जात नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन वर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसतो.

रात्री आता गजर लावून मी तिच्या आधी उठते. १:१५ आणि ४:००. ती रडल्यावर उचलले तर रडण्याने दार उघडते हे ती शिकेल, आणि रडूनही उचलले नाही तर क्रेटमध्ये शू करावी लागेल. आधीच उठवल्याने हा पेच राहत नाही. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही, कडेवर घेऊन ट्रेवर उभे करायचे, तीन-चार मिनिटे थांबायचे आणि परत आणायचे. शू केल्यावर हळू आवाजात "शाब्बास" एवढा एकच शब्द.

गजराच्या वेळा सोडून आवाज आला, तर तो कसला आहे हे ऐकायला मी शिकते आहे. सोबतीचे रडणे लांबट असते, खालून वर चढत जाते आणि मध्ये थांबून ती कानोसा घेते. शूचे रडणे तुटक, आखूड असते, त्यात थांबणे नसते आणि त्याबरोबर पंजांची खुडबुड आणि जागच्या जागी गोल फिरणे असते. पहिल्याला बोटे पुरतात. दुसऱ्याला उठावेच लागते. शंका असेल तर उठायचे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरी सकाळपासून हळदीकुंकवाची आणि तिळगुळाची ये-जा होती, गच्चीवर मुलांचा पतंगांचा आरडाओरडा चालला होता. येवल्याहून जावेची मुले आली होती आणि ती तर पतंगांच्या गावचीच. प्रत्येकाने तिळीला उचलून घेतले. तिचे नेहमीचे दुपारचे झोपणे झाले नाही. मला वाटले, दमली आहे, रात्री चांगली झोपेल.

झाले उलटे. दार लावले १०:३०, रडणे ३८ मिनिटे. गेल्या आठवड्यातली सर्वांत वाईट रात्र. एवढ्या लहान पिल्लाला दिवसभरात अठरा ते वीस तास झोप लागते आणि ती चुकली की ते लहान मुलासारखे किरकिरते, चावरे होते, झोपेशी भांडते. उद्यापासून पाहुणे असोत वा नसोत, दुपारी एक ते तीन ती क्रेटमध्ये आणि खोलीचे दार बंद.

शुक्रवार, १७ जानेवारी

१५ ला रडणे ६ मिनिटे, १६ ला २ मिनिटे. आता प्रश्न उरला आहे तो पहाटेचा. गजराची दुसरी फेरी होऊनही ती ४:५० च्या सुमारास उठते आणि पुन्हा झोपत नाही. दोन कारणे असावीत. पहिले म्हणजे गारठा. जानेवारीत नाशिकची पहाट बोचरी असते आणि चौरंगावरच्या तारांच्या क्रेटला खालूनही वारा लागतो. ट्रेखाली गोणपाटाच्या दोन घड्या घातल्या. क्रेटच्या तीन बाजूंवर चादर टाकली आणि माझ्याकडची बाजू हवेसाठी व नजरेसाठी उघडी ठेवली. दुसरे कारण म्हणजे दूधवाला वर येतो त्या लिफ्टचे दार. ते जाळीचे दार पावणेपाचला आपटते. दूधवाल्या दादांना विनंती केली, त्यांनी लगेच मान्य केले आणि ते आता दार हाताने लोटतात.

गोधडीचा एक कोपरा तिने कुरतडून चार बोटे दोरा काढला होता. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. गोधडी काढून घेताना सासूबाईंना वाईट वाटले, मलाही वाटले. आता ती क्रेटच्या वर, चादरीखाली, तिला वास येईल पण दात पोचणार नाही अशी ठेवली आहे. आत जाड, एकसंध विणीची सतरंजी आहे.

सोमवार, २० जानेवारी

लसीचा दुसरा डोस. दिवसभर सुस्त, रात्री सलग झोप. ही रात्र हिशेबात धरू नये. खालच्या काकांची मुदत आज संपली. ते स्वतःच वर आले, तिळीला हात लावून गेले आणि काकू आठवडाभर नीट झोपल्याचे सांगितले.

गुरुवार, २३ जानेवारी

अचानक घसरण. काल रात्री ११:४०, १२:३०, १:१५, २:००, २:५० आणि ४:०० असे सहा वेळा तेच तुटक, आखूड रडणे. प्रत्येक वेळी ट्रेवर नेले आणि प्रत्येक वेळी ती बराच वेळ बसून चार थेंब शू करायची. दोनदा क्रेटमध्ये ओले झाले आणि ती ओल्या जागेपासून दूर सरकून उभीच राहिली.

सकाळी स्वच्छ वाटीत शू धरून डॉक्टरांकडे दिली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. लहान माद्यांना तो होतो. सात दिवसांचे औषध दिले आहे आणि मध्ये बरे वाटले तरी ते पूर्ण करायचे आहे.

६ तारखेसारखी मी हॉलपासून दूर, दार लावून पडून राहिले असते, तर या सहा हाका मला हट्ट वाटल्या असत्या. आज दिवसभर हाच विचार मनात आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

औषध ३० तारखेला संपले आणि शू पूर्ववत झाली. तीन रात्री सुक्या गेल्यावर गजर पुढे सरकवायला सुरुवात केली आहे. दर दोन रात्रींनी पंधरा मिनिटे, त्याहून घाई नाही. दोन फेऱ्यांची आता एकच फेरी केली आहे आणि ती २:४५ ला असते. रात्रीचे जेवण साडेसातला आणि पाण्याची वाटी साडेनऊला उचलतो. दिवसा पाणी कधीही तोडायचे नाही, विशेषतः या आजारानंतर, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

दार लावताना रडणे शून्य मिनिटे, सलग पाचवी रात्र. आता झोपण्यापूर्वी ती एक लांब सुस्कारा सोडते आणि मग हनुवटी क्रेटच्या ट्रेच्या कडेवर टेकते. लेक त्या सुस्काऱ्याची वाट पाहत जागी राहते आणि तो ऐकल्यावरच आपल्या खोलीत जाते.

रविवार, ९ फेब्रुवारी

१०:४५ ते ५:३५, मध्ये एकही फेरी नाही. साडेचारला मला सवयीने जाग आली, तेव्हा ती पाठीवर पडून चारही पाय वर करून झोपलेली होती.

क्रेट परत हॉलमध्ये न्यावा का, हा प्रश्न घरात पुन्हा निघाला. माझे मत नाही असे आहे. घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्याची मुभा स्वीडनसारख्या देशात नाही, हे वाचल्यापासून मी त्यावर बराच विचार केला आहे. मला क्रेट उपयोगी वाटतो, कारण या वयात ती रात्री वायर चावेल, चप्पल गिळेल, आणि आजारपणात किंवा प्रवासात तिला ओळखीची जागा लागेल. पण लावलेले दार हा या कामाचा एक टप्पा आहे, तिचे घर नव्हे. म्हणून क्रेट येथेच राहील आणि पुढच्या आठवड्यापासून त्याचे दार रात्री उघडे राहील. खोलीचे दार बंद असेल आणि खालच्या वायरी उचलून ठेवलेल्या असतील. उघड्या दारातून तिला स्वतः उतरता यावे, म्हणून चौरंगही काढायचे आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी

मंगळवारी एक चौरंग, शुक्रवारी दुसरा काढला. क्रेट जमिनीवर आला. पहिल्या रात्री तिने मान वर करून मला शोधले. मी हात खाली सोडला आणि तो तिला पोचला.

काल रात्री प्रथमच दार उघडे ठेवले. १२:१० ला ती बाहेर आली, पलंगाभोवती एक फेरी मारली, माझ्या चपलांचा वास घेतला, आत गेली. ५:५० पर्यंत पुन्हा आवाज नाही.

वजन ५.९ किलो. सकाळी पाहिले तर पाय ताणल्यावर मागचे पंजे मधल्या जाळीला टेकत होते. जाळी वीतभर मागे सरकवली, सतरंजी त्या मापाने पुन्हा घातली. पुढचे माप १ मार्चला घ्यायचे आहे.